मॉडेलमधली नऊ हिरवी पाकिटं

शिनचू शहरात एखादं यंत्र बंद पडलं की माणसं आधी त्याचं बटण बघत नाहीत, त्याच्या डोक्यावरचं पाकीट बघतात. पाकीट मक्याच्या कुरकुऱ्यांचं, नारळाच्या चवीचं, हिरवं. त्याच्यावर जे नाव छापलेलं असतं त्याचा अर्थच मुळी 'शहाण्या बाळासारखं वाग' असा होतो. ते यंत्राच्या डोक्यावर ठेवायचं, आणि यंत्राने समजून घ्यायचं. हिरवंच ठेवायचं, कारण लाल म्हणजे धोका आणि पिवळं म्हणजे धोक्याची तयारी. मुदत संपलेलं ठेवायचं नाही. आणि कितीही भूक लागली तरी ते फोडायचं नाही. ज्याने फोडलं त्याची गोष्ट प्रत्येक साइटवर वेगळी सांगतात, पण शेवट सगळीकडे सारखाच वाईट असतो.

साइट इन्चार्ज कू चिन-फा यांनी यात स्वतःच्या एका नियमाची भर घातली होती. पाकीट उभं हवं, आणि त्याचं तोंड माणसांकडे हवं. क्रेनवाल्याने एकदा घाईत पाकीट आडवं टाकलं, तर कू साहेब भर वाऱ्यात शिडी चढून वर गेले होते.

"झोपवलंस त्याला?" ते ओरडले. "अरे, झोपलेलं पाकीट म्हणजे झोपलेली क्रेन! उभं कर आधी!"

त्या दिवसापासून साइटवरची सगळी पाकिटं कवायतीला उभी असल्यासारखी ताठ असायची. सिमेंटच्या मिक्सरवर एक, माल-लिफ्टवर एक, पाण्याच्या पंपावर दोन, कारण पंप जुना होता.

कू साहेबांचं वय अठ्ठावन्न. त्यातली तेहेतीस वर्षं त्यांनी इमारती उभ्या करण्यात घालवली होती. कमरेला स्टीलची टेप, तिच्यावरचे आकडे अंगठ्याने घासून पुसट झालेले. त्यांचा या टेपवर विश्वास होता आणि हिरव्या पाकिटांवर होता. ज्याच्यावर अजिबात नव्हता, ते म्हणजे फान पेइ-शानचं मॉडेल.

पेइ-शान चौतीस वर्षांची. साइटच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात तिची मॉडेल-खोली होती. खोली म्हणजे दोन संगणक, दोन खुर्च्या, एक पंखा आणि वेंग काई नावाचा सहकारी. बाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी बारा मजली निवास उभा राहत होता, आणि आत तोच निवास पडद्यावर आधीच उभा होता: प्रत्येक भिंत, प्रत्येक दार, प्रत्येक नळ. पडद्यावरच्या नुसत्या दारावर बोट ठेवलं तरी ते कोणत्या लाकडाचं, किती जड आणि कधी बदलायचं हे कळायचं. पेइ-शानला हे फार आवडायचं. इतकं की घरी जेवताना ती आईच्या टेबलाचीही माहिती मनात भरत बसायची.

पण वसंतात एक घोटाळा झाला होता. सगळ्यांसमोर मॉडेलने हिशेब दाखवला की इमारतीत तीनशे अठ्ठ्याहत्तर संडास आहेत. खरे होते एकशे सव्वीस. वेंगने भांडं, झाकण आणि पाणी सोडायचं बटण वेगवेगळं काढलं होतं, आणि संगणकाने तिन्ही प्रामाणिकपणे मोजले होते.

कू साहेबांना तर आयतं कोलीत मिळालं. "एकशे वीस म्हातारे आणि तीनशे अठ्ठ्याहत्तर संडास!" ते जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता सांगायचे. "एकेकाला तीन. एक सकाळचा, एक दुपारचा, एक सणासुदीचा."

सुतार हसायचे, गवंडी हसायचे, डबेवाली मावशीसुद्धा हसायची. पेइ-शान मान खाली घालून डब्यातला चॉप चावत राहायची.

मुख्य कचेरीला मात्र हसू आलं नव्हतं. तिथून फोन आला तो सरळ होता. येत्या शुक्रवारी मालकांच्या वतीने तपासणी करायला शिआओ बाई येणार. त्यांच्यासमोर मॉडेलचा आणखी एक आकडा चुकला, तर मॉडेल-खोली बंद. वेंगने पुन्हा कागदावर नकाशे काढायचे, आणि पेइ-शानने मुख्य कचेरीत गळती-तक्रारींच्या फोनवर बसायचं.

वेंगने त्या फोनवर दोन वर्षं काढली होती. तो आता बेचाळीसचा होता, पण फोनची घंटा वाजली की अजूनही दचकायचा.

"सकाळी आठला पहिला फोन," तो सांगायचा. "'अहो, माझ्या पलंगावर पाणी पडतंय.' मी विचारायचो, कुठून? तर म्हणे, 'तुमच्याकडून!' दिवसाला चाळीस फोन, शान. सगळे ओले."

"पुरे हं, काई-दादा," पेइ-शान म्हणायची.

*

गुरुवारी जेवणानंतर तिने शेवटची टक्कर-तपासणी लावली.

टक्कर म्हणजे मॉडेलमधली एक वस्तू दुसरीत घुसणं. पाइप तुळईतून आरपार गेला, दार खांबात उघडलं, तर तिथे पडद्यावर लाल ठिपका येतो. सगळी इमारत राखाडी, जिथे सगळं ठीक तिथे हिरवी झाक, आणि चूक असेल तिथे लाल. शिआओ बाईंना मोठ्या पडद्यावर हेच चित्र दाखवायचं होतं. गेले चार महिने पेइ-शान एकेक लाल ठिपका निवडत आली होती, तांदळातले खडे निवडावेत तशी. आज एकही उरायला नको होता.

नऊ उरले.

तिसऱ्या मजल्यावर एक. मग पाचव्यावर, सहाव्यावर, असे थेट बाराव्यापर्यंत. चौथा मजला अर्थातच नव्हता, आकडे तीनवरून पाचावर उडी मारून तेरापर्यंत जायचे. तिथल्या भाषेत 'चार' म्हटलं की 'मरण' म्हटल्यासारखं ऐकू येतं, मग म्हाताऱ्या माणसांना चौथ्यावर कोण ठेवणार? नऊ मजले, नऊ ठिपके, सगळे एकाखाली एक, विजेच्या पेटीच्या खोलीत.

पेइ-शानने पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. पडद्यावर नाव उमटलं: 'हिरवं पाकीट. टक्कर: सांडपाण्याचा पाइप.'

"काई-दादा," ती हळूच म्हणाली. "आपलं पाकीट."

वेंगने खुर्ची सरकवली, वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "हे अजून इथेच आहे होय!"

झालं होतं असं. वर्षभरापूर्वीपर्यंत मॉडेल याच खोलीतल्या एका मोठ्या संगणकात राहायचं आणि त्या संगणकावर एक हिरवं पाकीट उभं असायचं. मग मुख्य कचेरीने संगणक उचलून नेला आणि मॉडेल कुठेतरी दूर, म्हणे 'क्लाउड'वर, ठेवून दिलं. लगेच दुसऱ्या आठवड्यापासून मॉडेल रोज दुपारी तीनला बंद पडू लागलं. कारण उघड होतं. पाकीट ठेवायला जागाच उरली नव्हती. ढगावर पाकीट कुठे उभं करणार?

तेव्हा पेइ-शाननेच डोकं लढवलं होतं. मॉडेल बाहेर नसेल, तर पाकीट मॉडेलच्या आत ठेवायचं. तिने दुकानातून खरं पाकीट आणलं, ते मोजलं, उंची वीस सेंटीमीटर, आणि हुबेहूब काढलं. मूळची काटेकोर, त्यामुळे चव, वजन, बनल्याची तारीख, मुदतीची तारीख, सगळी माहितीही भरली. मग ते तिसऱ्या मजल्यावरच्या विजेच्या पेटीवर उभं केलं. तोंड माणसांकडे. मॉडेल त्या दिवसापासून गुण्यागोविंदाने चालू लागलं. पुढे तिसऱ्या मजल्याची नक्कल करून वरचे आठ मजले केले, तेव्हा प्रत्येक मजल्याबरोबर पाकिटाचीही नक्कल झाली. ते कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"पुसून टाक," वेंग म्हणाला.

"मी? तू पूस."

"मी कसा पुसू? काढलंस तू."

"तू मोठा आहेस ना, काई-दादा."

"म्हणूनच मला जास्त कळतं," वेंग म्हणाला आणि त्याने दोन्ही हात खिशात घातले. "खरं पाकीट कुणी काढलं तर काय होतं ते ठाऊक आहे मला. चित्रातलं काढल्यावर काय होतं ते मला शोधून काढायचं नाहीये."

पेइ-शानने पुसायचं धाडस केलं नाही, नुसतं लपवायचं ठरवलं. पाकिटं अदृश्य करायची आज्ञा तिने दिली मात्र, पडदा पांढराफटक झाला. मॉडेल बंद. घड्याळात तीन वाजले होते.

"पुन्हा रुसलं," वेंग कुजबुजला.

मॉडेल पुन्हा उघडायला वीस मिनिटं लागली. या वेळी पेइ-शानने पाकिटांना हात लावला नाही. तिने फक्त तपासणीला सांगितलं की पाकिटाशी झालेली टक्कर धरू नकोस. नऊ ठिपके विझले. तक्त्यात आकडा आला: टकरी शून्य.

शून्य बघून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिला घरी जाईपर्यंत सगळीकडे लालच दिसत होतं, सिग्नलसुद्धा. पण शुक्रवार उजाडायला एकच रात्र होती, आणि खाऊच्या पाकिटापायी गळतीच्या फोनवर जाऊन बसायची तिची तयारी नव्हती.

*

शुक्रवारी चांद्रमासाचा सोळावा दिवस, म्हणजे भूमीदेवाच्या पूजेचा दिवस होता. साइटच्या फाटकाशी टेबल मांडून भूमीदेवापुढे फळं, बिस्किटं आणि हिरव्या पाकिटांची एक रांग ठेवली होती. कू साहेबांनी उदबत्ती लावून नमस्कार केला, आणि शिआओ बाई आल्या तेव्हा धूर अजून वाऱ्यावर होता.

शिआओ बाई साठीच्या, बुटक्या, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. पस्तीस वर्षं इमारती तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण तपासणं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्या बसल्या ती खुर्चीसुद्धा आधी हलवून बघून मगच बसल्या.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

पेइ-शानने दाखवलं. मोठ्या पडद्यावर इमारत फिरली, उघडली, मजले वेगळे झाले. दारं इतकी, खिडक्या इतक्या. संडास एकशे सव्वीस. कू साहेबांनी मागून खाकरून घेतलं.

"आणि टकरी," पेइ-शान म्हणाली, "शून्य."

"शून्य?" शिआओ बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पस्तीस वर्षांत मी शून्य पाहिलेलं नाही. बरं, पुढे."

पुढे देखभालीचा तक्ता होता. कोणती वस्तू कधी बदलायची हे मॉडेल आपणहून सांगतं: दिवे पाच वर्षांनी, पंप दहा वर्षांनी. रंगीत पट्ट्या होत्या, सगळ्या लांब लांब, भविष्यात गेलेल्या. फक्त एक पट्टी तळाशी होती, आखूड आणि लालभडक. पेइ-शानने तिकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. टकरीच्या तपासणीतून तिने पाकिटं वगळली होती. या तक्त्यातून वगळायला ती विसरली होती.

शिआओ बाईंनी पट्टी मोठ्याने वाचली. "नऊ वस्तू. मुदत संपलेली." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "इमारत अजून उघडलेलीसुद्धा नाही, आणि तिच्यातल्या नऊ वस्तू शिळ्या कशा झाल्या?"

वेंग छताकडे बघत होता.

"काय आहेत या वस्तू?"

झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण शिआओ बाईंनी तोवर स्वतःच माउस घेतला होता. त्यांनी लाल पट्टीवर क्लिक केलं आणि पडद्यावर सातव्या मजल्यावरची विजेची खोली उघडली. पेटीवर, माणसांकडे तोंड करून, हिरवं पाकीट उभं होतं. आणि त्याचं डोकं वरच्या जाड पाइपात रुतलं होतं.

कू साहेब उठले. पेइ-शानला वाटलं, आता हसणार. आता या पाकिटांची गोष्ट डबेवाल्या मावशीपर्यंत जाणार.

"हे काय केलंस?" कू साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. "आ-शान, मुदत संपलेलं ठेवलंस?"

"साहेब, मी विसरले…"

"कधी संपली?"

"तीन महिन्यांपूर्वी."

"आणि मॉडेल पुन्हा कधीपासून बंद पडतंय?"

पेइ-शानने वेंगकडे पाहिलं. "तीन महिने झाले असतील," वेंग कबूल झाला.

"बघा बाई!" कू साहेब शिआओ बाईंकडे वळले. "ही तर शिकलेली पोर!"

शिआओ बाईंनी गंभीरपणे मान डोलावली. त्याही शिनचूच्याच होत्या.

"तारीख बदला," त्या म्हणाल्या. "पण मुद्दा तो नाही. याचं डोकं पाइपात आहे आणि तुमचा तक्ता म्हणतो टकरी शून्य. म्हणजे तक्ता चूक, नाहीतर चित्र चूक."

"चित्रच चूक!" कू साहेबांनी टेबलावर थाप मारली. आता त्यांना रंग चढला होता. "माझ्या साइटवर पाकीट चेपायची कुणाची हिंमत आहे? त्या पेट्या मी उभ्या राहून बसवून घेतल्यात. वर हवी तेवढी जागा आहे. हे यांचं नेहमीचंच! तेव्हा संडास वाढवले, आता जागा कमी केली."

"चित्र बरोबर आहे, साहेब," पेइ-शान म्हणाली. ती असं बोलेल हे तिलाच माहीत नव्हतं. "पाकीट मी मोजून काढलंय. पेट्या आणि पाइप तुमच्या माणसांनी बसवले तसेच, मोजणी करून घातलेत."

"असं?" कू साहेबांनी कमरेची टेप सोडली आणि तिच्यासमोर धरली. "चल मग सातव्यावर. भूमीदेवापुढचं पाकीट घेऊ, पेटीवर ठेवू. उभं राहिलं तर आजच्या आज तुझ्या खोलीला कुलूप. नाही राहिलं, तर ही टेप तुझी. तेहेतीस वर्षांची आहे."

"आणि मुख्य कचेरी?" वेंगने विचारलं.

"मुख्य कचेरीला मी कळवेन," शिआओ बाई म्हणाल्या आणि वही बंद करून उठल्या. "काय होतं ते."

*

माल-लिफ्टमध्ये चौघं उभे होते आणि मध्ये कू साहेबांच्या दोन्ही हातांत ते पाकीट. भूमीदेवापुढची उदबत्ती पूर्ण जळू देऊन, हात जोडून, परवानगी मागूनच त्यांनी ते उचललं होतं. पेइ-शानच्या डोळ्यांपुढे गळतीचा फोन होता, काळा, जाड वायरीचा, वेंग सांगायचा तसा. वीस सेंटीमीटर, ती मनात म्हणत होती. नीट मोजलं होतं ना? की दुमडलेली कडा धरायची राहिली?

सातव्यावर वारा शिटी घालत होता. विजेची खोली अरुंद होती. पेटी भिंतीवर बसलेली, करडी, नवी, आणि तिच्या वर चकचकीत चंदेरी आवरण गुंडाळलेला जाड पाइप. पाइप इतका सुबक गुंडाळला होता की खोलीचाच एक भाग वाटावा.

कू साहेबांनी पाकीट उभं धरलं आणि पेटीवर न्यायला लागले. पाकिटाचं डोकं पाइपाला लागलं. त्यांनी जरा तिरकं केलं. पुन्हा लागलं. पाकीट कुरकुरलं, तसा त्यांनी हात मागे घेतला, कारण आत एक जरी कुरकुरा तुटला तरी ते कुणाच्या नावावर जाईल हे सांगता येत नव्हतं.

शिआओ बाईंनी कू साहेबांच्या हातातली टेप घेतली आणि मधली जागा मोजली. "बारा सेंटीमीटर."

मॉडेलमध्येही बाराच होती.

कू साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग त्यांना युक्ती सुचली. त्यांनी पाकीट आडवं केलं आणि अलगद आत सरकवलं. बसलं.

"हे बघा!" ते म्हणाले. "बसलं की!"

वेंगने घसा साफ केला.

"साहेब," तो फार आदराने म्हणाला, "झोपलंय ते."

कू साहेबांनी पाकिटाकडे पाहिलं. पाकीट पेटीवर उताणं पडलं होतं. भर वाऱ्यात शिडी चढून क्रेनवाल्याला शिव्या घालणारा माणूस आता स्वतःच्या हाताने झोपवलेल्या पाकिटापुढे उभा होता. शिआओ बाई तर तोंड फिरवून खिडकी तपासू लागल्या. तिथे खिडकी नव्हती.

तेवढ्यात 'टप्' असा आवाज झाला.

चौघांनी पाकिटाकडे पाहिलं. पाकिटाच्या बरोबर पोटावर पाण्याचा एक थेंब होता. सगळे बघत असतानाच दुसरा पडला.

"वर काय चाललंय?" शिआओ बाईंनी विचारलं, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला.

"आठव्यावर प्लंबर न्हाणीघराची चाचणी घेतायत," कू साहेब म्हणाले. "पाणी सोडून…"

ते थांबले. सगळेच थांबले. इतका वेळ चौघं जण पाइपाकडे पाकिटाची अडचण म्हणून बघत होते. आता त्यांनी पहिल्यांदा पाइपाकडे पाइप म्हणून पाहिलं. सांडपाण्याचा पाइप. विजेच्या पेटीच्या बरोबर डोक्यावर. तोही नऊ मजल्यांवर, आणि प्रत्येक मजल्यावर वरच्या न्हाणीघरात रोज सकाळी बारा म्हातारे आंघोळ करणार.

"विजेच्या पेटीवर पाण्याचा पाइप," शिआओ बाई एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "हा कुणी नेला?"

"नकाशात दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर होते," कू साहेब पुटपुटले. "विजेवाल्याने त्याचा कागद बघितला, पाइपवाल्याने त्याचा. मी… मी दोघांचंही काम नीट झालंय का ते बघितलं. काम नीट झालंय."

"आणि मॉडेलने का नाही पकडलं?"

"पाइप आणि पेटी एकमेकांना लागत नाहीत," पेइ-शान म्हणाली. "मध्ये बारा सेंटीमीटर आहेत. एक दुसऱ्यात घुसलं तरच संगणक ओरडतो. एक दुसऱ्यावर ठिबकणार असेल तर त्याला ते कळत नाही. पाकीट वीसचं, म्हणून ते लागलं."

"म्हणजे पाकिटाने पकडलं," कू साहेब हळूच म्हणाले.

इथे पेइ-शानला गप्प राहता आलं असतं. सगळं तिच्या बाजूने चाललं होतं. चित्र बरोबर ठरलं होतं, टेप तिची झाली होती, खोली वाचली होती. पण त्या उताण्या, भिजलेल्या पाकिटाकडे बघून तिला स्वतःचीच शरम वाटली.

"पाकिटाने पकडलं आणि मी सोडलं," ती म्हणाली. "काल नऊ लाल ठिपके आले होते. मी ते लपवले, शिआओ बाई. शून्य खरं नव्हतं. मॉडेलमध्ये खाऊ सापडला तर सगळे हसतील म्हणून मी ठिपक्यावर पाकिटाचं नाव वाचलं आणि पाइपाचं वाचलंच नाही. वाचलं असतं तर कालच कळलं असतं."

वेंगने खिशातून हात काढले आणि म्हणाला, "मीही होतो. पूस म्हणणारा मीच होतो."

शिआओ बाईंनी वही उघडली.

"लिहिते," त्या म्हणाल्या. "एक. नऊही मजल्यांवरचा पाइप हलवायचा. दोन. मॉडेलमधला आकडा चूक नव्हता, दाखवणारीने चुकीचा दाखवला, आणि मग स्वतःहून खरा सांगितला." त्यांनी पेन थांबवलं. "यावर खोली बंद करा असं मला लिहिता येणार नाही. पण पोरी, पुन्हा कधी मला शून्य दाखवलंस ना, तर गळतीच्या फोनवर मी स्वतः नेऊन बसवीन तुला. आणि पहिला फोनही मीच करीन."

"हो, बाई."

"तीन," शिआओ बाई लिहीत राहिल्या. "पाकिटांची मुदत वाढवावी."

कू साहेबांनी ओलं पाकीट उचललं, बाहीने पुसलं आणि सरळ उभं धरलं. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा म्हणाले, "आ-शान, सगळ्या यंत्रांवर बसव."

"काय, साहेब?"

"पाकिटं. मॉडेलमध्ये. पंप, लिफ्ट, जनरेटर, जे जे यंत्र आहे त्याच्यावर एकेक. उभं. आणि मग बघ कुठे कुठे उभं राहत नाही ते. जिथे पाकीट उभं राहत नाही तिथे काहीतरी भानगड आहे."

"पण साहेब, मोजायला दुसऱ्या पद्धती आहेत. यंत्राभोवती किती जागा मोकळी हवी ते संगणकाला नुसतं सांगितलं तरी…"

"त्या पद्धतींवर माझा विश्वास नाही," कू साहेब म्हणाले.

*

दोन दिवसांत पेइ-शान आणि वेंगने मॉडेलमध्ये दोनशे चौदा पाकिटं उभी केली. प्रत्येकावर नव्या मुदतीची तारीख. तपासणी लावली तेव्हा एकतीस लाल ठिपके आले. त्यातले सहा खरोखरच वाईट होते, अठरा किरकोळ. उरलेले सात गच्चीवरच्या पंख्यांच्या तोंडावर होते, तिथे एरवीही कुणी पाकीट ठेवलं नसतं. उडालं असतं. पेइ-शानने एकतीसच्या एकतीस तक्त्यात ठेवले, एकही वगळला नाही.

सोमवारी सकाळी मुख्य कचेरीतून फोन आला. वेंग दचकला. गळती विभागातली बाई विचारत होती, "तुमच्याकडून एक फान पेइ-शान येणार होती ना? खुर्ची रिकामी ठेवलीये."

"ती येत नाही," वेंग म्हणाला. त्या फोनवर बोलताना तो पहिल्यांदाच हसत होता. "खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या."

फोन ठेवतोय तोच दारात कू साहेब उभे. त्यांच्या हातात सातव्या मजल्यावरचं तेच पाकीट होतं, वाळवलेलं, पोटावर पाण्याचा फिकट डाग.

"क्लाउडवर पाकीट ठेवता येत नाही ना," ते म्हणाले. "मग निदान इथे ठेव."

त्यांनी ते पेइ-शानच्या पडद्यावर ठेवायचा प्रयत्न केला. पडदा बोटाएवढा जाड. पाकीट पुढे पडलं. मागे पडलं. टेबलावर ठेवलं तर पंख्याच्या वाऱ्याने कलंडलं. कू साहेबांनी तीनदा उभं केलं आणि तीनदा ते आडवं झालं. वेंग काही बोलणार होता, पण पेइ-शानने त्याला नजरेने गप्प केलं.

मग कू साहेबांनी कमरेची टेप काढली, पाकीट पुन्हा उभं केलं, त्याचं तोंड पेइ-शानकडे वळवलं आणि टेप त्याच्या पाठीशी टेकू म्हणून लावली. पाकीट ताठ उभं राहिलं.

"पडू देऊ नकोस," ते म्हणाले आणि निघून गेले. पायऱ्या उतरताना सवयीने त्यांचा हात कमरेला गेला, रिकाम्या पट्ट्यावर थांबला, आणि ते तसेच पुढे गेले.